पहिल्या पडद्याची मालकी

१८ मे १९९८ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि वीस राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. लोकांच्या लक्षात तो 'ब्राउझरचा खटला' म्हणून राहिला. नेटस्केपचा ब्राउझर जोरात होता, मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर फुकट वाटला आणि नेटस्केप बुडाली, अशी त्याची ढोबळ गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी पुराव्यांवरून काढलेले निष्कर्ष ४१२ परिच्छेदांचे आहेत. त्यांतला सर्वांत बोलका भाग मला संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या करारांचा वाटतो. ग्राहकाने नवा संगणक सुरू केला की पहिल्या पडद्यावर काय दिसावे, हे कोणी ठरवायचे, हा त्यातला खरा तंटा होता.

या तंट्याचे मूळ नेटस्केपच्या जन्माआधीचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसला 'डीआर-डॉस' हा एक तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. विंडोज ३.१ची चाचणी-आवृत्ती १९९१च्या डिसेंबरात बाहेर पडली, तेव्हा डीआर-डॉसवर ती चालवणाऱ्यांना एक गूढ त्रुटी-संदेश दिसू लागला. काम बंद पडत नसे, पण मनात शंकेची पाल चुकचुकायची. अँड्र्यू शुलमन यांनी 'डॉ. डॉब्ज जर्नल'च्या सप्टेंबर १९९३च्या अंकात त्या संदेशामागची आज्ञावली उलगडून दाखवली. ती मुद्दाम सांकेतिक रूपात लपवलेली होती आणि खाली खुद्द मायक्रोसॉफ्टचे डॉस आहे की नाही, एवढेच ती तपासत होती. विक्रीच्या आवृत्तीत तिचे तोंड बंद केले गेले, तरी ती आत तशीच राहिली होती.

याहून परिणामकारक होती ती परवान्याची अट. विकलेल्या प्रत्येक संगणकामागे, त्यात एमएस-डॉस घातलेले असो वा नसो, मायक्रोसॉफ्टला शुल्क द्यायचे, असे करार अनेक उत्पादकांनी केले होते. दुसऱ्याचे डॉस घ्यावे तर दोनदा पैसे मोजायचे. त्या भानगडीत कोण पडणार? जुलै १९९४च्या समझोत्याने ही अट बंद झाली. मात्र 'एकात्मिक' उत्पादने विकसित करण्याची मुभा कंपनीने त्याच समझोत्यात राखून घेतली आणि पुढची सगळी लढाई त्या एका शब्दावरून झाली.

डिसेंबर १९९४मध्ये नेटस्केपचा नॅव्हिगेटर बाजारात आला. मायक्रोसॉफ्टला त्याची धास्ती वाटण्याचे कारण ब्राउझरच्या विक्रीत नव्हते. विंडोजचे बळ तिच्यासाठी लिहिलेल्या सत्तर हजारांहून अधिक प्रोग्रॅम्समध्ये होते. प्रोग्रॅम आहेत म्हणून ग्राहक आणि ग्राहक आहेत म्हणून प्रोग्रॅम, असे ते चक्र. नॅव्हिगेटर मात्र अनेक प्रकारच्या संगणकांवर चालत असे. उद्या लोक विंडोजऐवजी ब्राउझरसाठीच प्रोग्रॅम लिहू लागले, तर खाली कोणती सिस्टीम आहे याची फिकीर कोण करील? बिल गेट्स यांनी २६ मे १९९५च्या अंतर्गत टिपणात हा धोका स्वच्छ ओळखला होता. त्यांची दूरदृष्टी वादातीत आहे. वाद आहे तो पुढच्या उपायांचा.

कॉम्पॅकचे उदाहरण पाहा. संगणक विकणाऱ्यांत ती तेव्हा आघाडीची कंपनी. तिने पहिल्या पडद्यावरून इंटरनेट एक्सप्लोररचे चिन्ह काढून टाकले. मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये तिला विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस दिली. विंडोजशिवाय संगणक विकणे म्हणजे दुकानाला टाळे. चिन्ह निमूटपणे परत आले. फुकट ते पौष्टिक म्हणून ग्राहकाने एक्सप्लोरर उचलला असेलही, परंतु दुसरी वस्तू त्याच्यासमोर येऊच नये अशी तजवीज असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही.

१९ ऑक्टोबर १९९८ रोजी सुनावणी सुरू झाली. सरकारी वकील डेव्हिड बॉइज यांनी गेट्स यांच्या जबानीची चित्रफीत तुकड्यातुकड्यांनी कोर्टात दाखवली. तीत गेट्स 'चिंता' या शब्दाचाही अर्थ विचारताना दिसतात. न्यायमूर्तींनाही हसू आवरले नाही. महिनाभरातच एओएलने नेटस्केप विकत घेण्याचे जाहीर केले आणि बघा, स्पर्धा जिवंत आहे, असा युक्तिवाद करायला मायक्रोसॉफ्ट मोकळी झाली!

७ जून २००० रोजी जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पण निकालाआधीच ते पत्रकारांशी गुपचूप बोलत होते. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी विभाजन रद्द केले आणि जॅक्सन यांना खटल्यावरून दूर केले. त्यांचा हा उतावळेपणा सरकारी बाजूला महागात पडला, असे माझे मत आहे. त्या गदारोळात दुसरी गोष्ट झाकली गेली. मायक्रोसॉफ्टने मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष त्याच सात जणांनी एकमताने कायम ठेवला होता.

शिक्षा म्हणाल तर वरातीमागून घोडे. नोव्हेंबर २००२मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने उत्पादकांना पहिल्या पडद्यावर आपली निवड मांडण्याची मोकळीक दिली, पण तिचा लाभ घ्यायला नेटस्केप स्वतंत्र कंपनी म्हणून उरलीच नव्हती. एओएलने पुढे दावा लावून २००३मध्ये ७५ कोटी डॉलर मिळवले. युरोपीय आयोगाने २००४मध्ये मीडिया प्लेअर आणि सर्व्हरच्या प्रकरणात सुमारे ५० कोटी युरोंचा दंड ठोकला. अमेरिकेतली देखरेख १२ मे २०११ रोजी संपली.

वॉशिंग्टनच्या त्याच जिल्हा न्यायालयात ५ ऑगस्ट २०२४ रोजी गुजरातेतील पाटण येथे जन्मलेले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला शोधसेवेतील मक्तेदारीबद्दल दोषी ठरवले. आधार पुन्हा करारांचाच होता: फोन आणि ब्राउझर उघडताच गूगलच समोर यावे, म्हणून २०२१ या एका वर्षात कंपनीने २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली होती. सरकारने या वेळी क्रोम हा ब्राउझर विकायला लावण्याची मागणी केली. २ सप्टेंबर २०२५ रोजी मेहता यांनी ती नाकारली. दुसऱ्या कोणाला जागाच देऊ नका, असे करार करण्यास त्यांनी मनाई केली, पण पहिल्या जागेसाठी पैसे मोजण्यावर बंदी घातली नाही.