पंच नसलेला व्यायाम : बारबेल रोचा इतिहास (थ्रेड)

१/ एप्रिल १८९६, अथेन्स. आधुनिक ऑलिम्पिकमधील पहिली वजन उचलण्याची स्पर्धा. डेन्मार्कचा विगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन इलियट या दोघांनीही दोन्ही हातांनी १११.५ किलो वजन डोक्यावर नेले. वजन सारखेच, तरीही विजेता ठरला येन्सन, कारण त्याची शैली पंचांना अधिक निर्दोष वाटली.

२/ ब्रिटिशांनी आक्षेप घेतला, परंतु निकाल बदलला नाही. पुढे एका हाताच्या प्रकारात इलियटने ७१ किलो उचलून आपले पदक मिळवले. ‘किती उचलले’ आणि ‘कसे उचलले’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे या खेळाच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी पंच लागतो.

३/ आता असा एक व्यायाम पाहू, ज्याला पंच कधीच लाभला नाही : बारबेल रो. कमरेतून पुढे वाकायचे, पाठ सरळ ठेवायची आणि हातांत लोंबणारा बार पोटाकडे ओढायचा. वल्हे मारताना नावाडी ज्या रीतीने हात मागे खेचतो, तीच ही क्रिया. नावही तेथूनच आले.

४/ या ओढीत पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद लॅट्स, खांद्यांच्या पात्यांमधील रॉम्बॉइड आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस हे स्नायू काम करतात. कमरेजवळचे स्नायू मात्र हालचाल न करता सारा भार तोलून धरतात. म्हणूनच हा व्यायाम जितका गुणकारी, तितकाच फसवा आहे.

५/ फसवा कसा? वजन पेलवेनासे झाले की शरीर नकळत वर उठते. धड उभे होत जाते, बारचा प्रवास आखूड होतो आणि पाठीऐवजी कमरेचा झटकाच वजन वर आणतो. वहीत मात्र आकडा वाढलेला दिसतो.

६/ व्यायामासाठी नेमके वजन मोजून लावता येणे, हीसुद्धा तुलनेने अलीकडची सोय. १९व्या शतकातील बलप्रदर्शनांत दोन्ही टोकांना पोकळ गोळे असलेले बार दिसत. त्यांत वाळू किंवा शिशाचे छर्रे भरत. आत किती भरले आहे, हे प्रेक्षकांना बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता.

७/ १९०२ मध्ये अ‍ॅलन कॅल्व्हर्ट याने फिलाडेल्फियात ‘मायलो बारबेल कंपनी’ स्थापन केली आणि वजन कमी-जास्त करता येणारे बार टपालाने घरोघरी पोहोचवले. रोज वासरू खांद्यावर घेत घेत ते बैल होईपर्यंत उचलणारा दंतकथेतील ग्रीक मल्ल मायलो, त्याचेच हे नाव. थोडे थोडे वजन वाढवत जाणे आता सामान्य माणसालाही शक्य झाले.

८/ पण बार घरी आला, पंच नाही आला. स्पर्धेच्या मंचावर मोजमाप होत राहिले ते डोक्यावर वजन नेण्याच्या प्रकारांचेच. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिम्पिकपासून प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे तीन प्रकार रूढ झाले.

९/ यांतील प्रेसची कथा बोधप्रद आहे. उभे राहून केवळ हातांच्या बळाने वजन वर ढकलणे हा तिचा मूळ नियम. स्पर्धक मात्र हळूहळू इतके मागे झुकू लागले की नियम कोठे मोडला, हे ठरवणे पंचांनाही अवघड झाले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर प्रेस स्पर्धेतून वगळण्यात आली.

१०/ पंचांच्या डोळ्यांदेखत प्रेसची ही गत झाली, तर रोची काय कथा? डोक्यावर ताठ हातांनी स्थिरावलेला बार सर्वांना दिसतो. रो मात्र नेमका कोठे पूर्ण झाला, हे धडाच्या कोनावर अवलंबून असते आणि तो कोन क्षणोक्षणी बदलू शकतो. पुढे उदयास आलेल्या पॉवरलिफ्टिंगनेही स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हेच प्रकार स्वीकारले.

११/ रोला अप्रत्यक्ष परीक्षक लाभले ते शरीरसौष्ठवात. १९६५ मध्ये ‘मिस्टर ऑलिम्पिया’ स्पर्धा सुरू झाली. तेथे स्पर्धक परीक्षकांकडे पाठ करून उभा राहतो. म्हणजे व्यायामाला गुण नाहीत, पण त्यातून घडलेल्या पाठीला आहेत. ती कशी घडवली, हे कोणी विचारत नाही.

१२/ या मंचावरील सर्वांत गाजलेल्या पाठींपैकी एक ब्रिटनच्या डोरियन येट्सची. बर्मिंगहॅममधील तळघरातल्या जिममध्ये सराव करणाऱ्या येट्सने १९९२ ते १९९७ असा सलग सहा वेळा किताब जिंकला. धड बरेचसे उभे आणि तळवे पुढे वळवून बार धरलेला, ही त्याची पद्धत आजही ‘येट्स रो’ म्हणून ओळखली जाते.

१३/ या पकडीत दंडाच्या बायसेप्सवर मोठा ताण येतो. १९९४ मध्ये याच प्रकारचा रो करताना येट्सचा डावा बायसेप्स फाटला. त्या वर्षीचा किताब त्याने तरीही राखला, पण पुढे पकड बदलली. पद्धतीला ज्याचे नाव मिळाले, त्यानेच तिची किंमत मोजली.

१४/ अमेरिकन वेटलिफ्टिंग प्रशिक्षक ग्लेन पेंडले (मृत्यू २०१९) याच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार नेमका उलटा. धड जमिनीला जवळजवळ समांतर. प्रत्येक रेपला बार जमिनीवरून उचलायचा आणि पुन्हा जमिनीवरच टेकवायचा. बार टेकला की झोका संपतो. पुढची ओढ शून्यापासून सुरू करावी लागते.

१५/ ‘पेंडले रो’चे महत्त्व येथेच आहे. ज्या व्यायामाला पंच नव्हता, त्याला जमिनीच्या रूपाने एक पंच मिळाला. सुरुवात आणि शेवट ठरलेले असल्यामुळे आजच्या ८० किलोंची तुलना गेल्या महिन्यातील ८० किलोंशी करता येते. निदान धड कोठून उठू लागले, हे स्वतःला तरी कळते.

१६/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात एक जुनाच धडा आहे. एखाद्या बलवानाने ‘इतक्या किलोंचा रो’ केल्याचा उल्लेख सापडला, तर तो आकडा म्हणजे पुरावा नव्हे, तो केवळ दावा. बार कोठून निघाला, धड किती वाकले होते, पकड कोणती होती, हे कळेपर्यंत त्याची तुलना दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी होऊ शकत नाही.

१७/ डोक्यावर नेलेल्या वजनांच्या नोंदी आहेत, कारण ते मोजणारे समोर बसले होते. रोच्या तशा नोंदी नाहीत, पण म्हणून तो कमी केला गेला असे नव्हे. कित्येक पिढ्यांच्या पाठी त्यावर घडल्या. साधनांमधील मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हे जिमच्या इतिहासालाही तितकेच लागू पडते.

(समाप्त)