चाळीस रुपयांचा अर्ज आणि सद्भावाचं कलम

शेतकऱ्याने भरायचा एक रुपया. अर्ज भरून देणाऱ्या सीएससी केंद्राला विमा कंपनीकडून मिळायचे चाळीस. २०२३च्या खरिपात महाराष्ट्राने सुरू केलेल्या पीक विम्याचं निम्मं गणित या दोन आकड्यांत आहे. उरलेला सगळा हप्ता सरकार भरणार होतं. आदल्या वर्षी राज्यात साधारण ९६ लाख अर्ज होते, त्या वर्षी ते सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. एका हंगामात एवढे शेतकरी काही जन्माला आले नव्हते. खरे शेतकरी वाढले हे नक्की, पण सोबत शासकीय, बिगरशेती आणि देवस्थानच्या जमिनींवरही पिकं उगवली, निदान अर्जात तरी. पुढे राज्यभरात लाखो अर्ज बोगस ठरले आणि बीडचं, त्यातही परळीचं नाव वारंवार येऊ लागलं. आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी २०२४च्या हिवाळी अधिवेशनात आणि नंतरही हा विषय लावून धरला.

मला यातला एक छोटा, कोरडा वाटणारा प्रश्न सोडत नाही. विमा कंपनीच्या संगणकात हे सगळं आधीच दिसत असणार. गट नंबर आहे, क्षेत्र आहे, बँक खातं आहे. सातबाऱ्यावर दोन एकर आणि विमा पाच एकरांचा, हे शोधायला दोन तक्ते जोडणारी एक क्वेरी पुरते. मग पोलिसांकडे आधी जायचं कोणी? आणि गेलं, तर जाणाऱ्याला कायदा वाचवतो का?

बीडला या प्रश्नाचा इतिहास थोडा वेगळा आहे. सततच्या दुष्काळामुळे इथे भरपाईचे दावे एवढे मोठे व्हायचे, की २०२०च्या खरिपात या जिल्ह्यासाठी कंपन्या पुढेच येईनात. शेवटी केंद्र सरकारच्या भारतीय कृषी विमा कंपनीने जबाबदारी घेतली, पण एका अटीवर. हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनी देणार, त्यापुढची राज्य सरकार. भरपाई कमी निघाली तर कंपनीने हप्त्याचे २० टक्के ठेवून उरलेले सरकारला परत करायचे. हाच ‘बीड पॅटर्न’, जो २०२२मध्ये राज्यभर लागू झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वाईट नव्हता, बीडला विमा मिळाला तो त्यामुळेच. पण यात एक खोच आहे. तोट्याला छत असलं की चोर पकडण्याची घाईही थोडी कमी होते. शिवाय खोट्या अर्जाचाही हप्ता येतोच, आणि तो सरकारी तिजोरीतून येतो.

अमेरिकेत याच प्रश्नावर १९७०च्या दशकात कायदे झाले, आणि ते आगीतून आले. शहरांतल्या जुन्या इमारतींना मालकच आगी लावून विम्याचे पैसे उचलत होते. बॉस्टनच्या सिम्फनी रोडवर भाडेकरूंनी स्वतः कागदपत्रं चाळून जळालेल्या इमारतींचे मालक आणि व्यवहार यांची जुळणी केली. १९७७मध्ये तिथे ३३ जणांवर कारवाई झाली, आणि त्यांत खुद्द पोलीस आणि अग्निशमन खात्यातली माणसंही होती. विमा कंपन्यांच्या कपाटात याच फायली होत्या, पण ग्राहक बदनामीचा दावा ठोकेल या भीतीने त्या उघडत नव्हत्या. म्हणून एकेका राज्याने कायदा केला: आगीच्या तपासासाठी द्वेषबुद्धी न ठेवता माहिती दिली, तर कंपनीवर दावा चालणार नाही. पुढे हेच संरक्षण विम्यातल्या इतर फसवणुकींपर्यंत पोचलं.

आपल्याकडे असा सरळ, एकच कायदा नाही. आहेत ते तुकडे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या १४व्या कलमाने विमा कंपनीला आणि तिच्या कर्मचाऱ्यांना दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलंय, पण ते त्या कायद्याखाली दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला दिलेल्या माहितीपुरतं. परळीच्या ठाण्यात दिलेल्या अर्जाला ते लागू नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात गुन्हा रोखण्यासाठी आणि तपासासाठी सूट आहे. विमा नियामकाने २०१३च्या परिपत्रकात कंपन्यांना पोलीस यंत्रणांशी समन्वयाची पद्धत ठरवायला सांगितली होती. पण परिपत्रक कंपनीला काम लावतं, कोर्टात ढाल देत नाही. सामान्य नागरिकाने कोणते गुन्हे पोलिसांना कळवलेच पाहिजेत, याची एक यादी फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. साधी फसवणूक त्या यादीत नव्हती.

मग खरी ढाल सापडते ती मेकॉलेच्या जुन्या दंडसंहितेत. १८६०च्या या कायद्यात बदनामीच्या कलमाला अपवाद जोडले होते. त्यातला आठवा म्हणतो, की अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावाने केलेली तक्रार ही बदनामी नाही. आज तो भारतीय न्याय संहितेत आहे. ‘सद्भाव’ म्हणजे काय, हेही तिथेच सांगितलंय: योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केलेली मानली जाणार नाही. गंमत म्हणजे १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये उलटं आहे. तिथे प्रामाणिकपणे केलं की पुरे, मग निष्काळजीपणा झाला तरी चालेल. बदनामीच्या बाबतीत दंडसंहितेची कडक व्याख्या चालते. म्हणजे ‘आमच्या सिस्टीमने फ्लॅग केलं’ एवढ्यावर सुटका नाही. कोणी तरी तो फ्लॅग उघडून पाहिला होता का, हे विचारलं जाईल.

आणि मला तर ते बरोबरच वाटतं. कारण बीडमध्ये सातबारा आणि शेत कसणारा माणूस एकच असेल याची खात्री नाही. जमीन बटईने दिलेली असते. वडील वारले तरी फेरफार झालेला नसतो. भावाभावांत वाटणी तोंडी झालेली असते. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, बँकेत दुसरं. माझी क्वेरी यातल्या प्रत्येकाला बोगस ठरवेल, अगदी सद्भावाने. काही ठिकाणी तर उलटा प्रकार असतो: अर्ज ज्याच्या नावे आहे त्याला त्याचा पत्ताच नसतो, कागद एकदा केंद्रावर दिले तेवढंच त्याला आठवतं. फसवणूक करणारा वेगळा आणि नाव वेगळ्याचं.

२०२५च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो, फार्मर आयडी सक्तीचा आहे, आणि बोगस विमा काढणाऱ्याला पाच वर्षं योजनेबाहेर ठेवण्याची तरतूद झाली आहे. माहिती देणाऱ्या कंपनीच्या माणसासाठी मात्र अजून वेगळं कलम नाही. तालुक्याच्या कार्यालयात यादी देताना त्याला आजही मेकॉलेच्या अपवादावरच विसंबावं लागतं. आणि यादीत चुकून नाव आलेला माणूस तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात असेल, तर खुलाशाची नोटीस गावातल्या कुलूप लावलेल्या दाराला चिकटवली जाईल.