कर्ज सरकारचे, फेड रयतेची

मुदखेड स्थानकावर लोहमार्गाला फाटा फुटतो. एक रूळ उमरी, धर्माबादवरून निजामाबादकडे वळतो. दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करीत आदिलाबाद गाठतो. दोन्ही बाजूंच्या मुलखात पैशाच्या इतिहासातील एकेक विलक्षण प्रसंग घडलेला आहे. एक १८१९ सालचा, दुसरा १९४८ सालचा. दोहोंत १२९ वर्षांचे अंतर आहे. पण दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच. राज्याच्या नावाने उभा राहिलेला पैसा कोणाचा, आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावयाचा? जुलमी सरकारला परक्या सावकारांनी कर्ज द्यावे की न द्यावे, हा वाद आज जगभर चालतो. मराठवाड्याच्या मातीत त्या वादाचा एक पाठ दोनशे वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा सारा मुलूख निजाम सिकंदर जाह याच्या राज्यात होता. गादीवर निजाम, कारभार राजा चंदुलाल याच्या हाती, आणि दोघांच्याही डोक्यावर इंग्रज रेसिडेंट. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या आग्रहाने निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक कवायती फौज उभी राहिली. हीच पुढे हैद्राबाद कंटिंजंट म्हणून प्रसिद्धीस आली. तिचा वार्षिक खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. फौज इंग्रजांची, पगार निजामाचा, अशी ही व्यवस्था. आणि निजामाची तिजोरी तर रिकामी!

ही अडचण भागविण्यास विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढे आली. पामर हा पुण्याच्या पेशवे दरबारी रेसिडेंट म्हणून राहिलेल्या जनरल पामरचा मुलगा. त्याची आई लखनौकडील मुसलमान घराण्यातील. पेढीत इंग्रज भागीदार होते, तसेच बंकटीदास हा देशी सावकारही होता. पुढे सर विल्यम रंबोल्ड हाही भागीदार झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या पालकत्वाखाली वाढलेली मुलगी त्याची पत्नी होती. युरोपियनांनी देशी संस्थानिकांना परवानगीवाचून कर्ज देऊ नये, असा १७९७ सालचा पार्लमेंटचा कायदा होता. हेस्टिंग्जच्या सरकारने १८१६ साली या पेढीला त्यातून सूट दिली. ठेवीदारांना शेकडा १२ व्याज द्यावे आणि निजाम सरकारकडून शेकडा २४-२५ घ्यावे, असा पेढीचा धंदा. रेसिडेन्सीतील काही अधिकाऱ्यांचाही पैसा तीत गुंतलेला होता. तेव्हा ज्यांनी व्यवहारावर नजर ठेवावयाची, तेच व्याजाचे वाटेकरी झाले.

औरंगाबादकडील फौजेच्या पगारासाठी पेढीने दरमहा दोन लाख, म्हणजे साली २४ लाख रुपये द्यावयाचे. त्याच्या बदल्यात सालीना ३० लाख वसुलाच्या वराता पेढीच्या नावे लिहून द्यावयाच्या, असा करार ठरला. आता प्रश्न असा की, सावकाराच्या पैशावर पोसलेली ही फौज काय करीत होती? नांदेडच्या उत्तरेस हदगाव-उमरखेडकडील मुलखात हटकर नाईकांची ठाणी होती. त्यांपैकी नोवसाजी नाईक याने निजामाच्या अंमलाविरुद्ध उठाव केला. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या हाताखाली निजामाच्या कवायती पलटणींनी नोव्हा किल्ल्यास वेढा दिला, सुरुंग लावून तट उडविला आणि किल्ला हल्ला करून घेतला. आतील शिबंदी बहुतेक कापली गेली. पुढे इंग्रजी लष्कराच्या दप्तरात या पलटणींच्या नावापुढे ‘नोव्हा’ हे नाव बहुमानाची खूण म्हणून कोरले गेले. नाईकांच्या साऱ्या करणीचे समर्थन कोणी करावे असे नाही. तेही मुलूख लुटीत. परंतु ज्या रयतेच्या वसुलातून त्या वेढ्याची किंमत चुकती व्हावयाची होती, तिला या व्यवहारात कोणी विचारले होते काय?

१८२० साली साठ लाखांचे नवे कर्ज निघाले. रयतेस तगाई देणे, जुनी देणी वारणे, अवास्तव नोकरचाकर कमी करणे, असे त्याचे हेतू सांगण्यात आले. कलकत्त्याच्या कौन्सिलात मते समसमान पडली. हेस्टिंग्जने आपले निर्णायक मत कर्जाच्या बाजूने टाकले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन हैद्राबादेस आला. त्याने हिशेब मागितला, तेव्हा खरा प्रकार हळूहळू उघड झाला. साठ लाखांतील आठ लाख ही पेढीने स्वतःस घेतलेली बक्षिसी होती. उरलेल्या रकमेपैकी पुष्कळशी पेढीच्याच जुन्या खात्यावरून नव्या खात्यावर फिरली होती. तगाईची वाट पाहणाऱ्या कुणब्याच्या पदरी मात्र वसूलदाराचा तगादाच आला. चंदुलालाचा अंमल इजाऱ्यावर चाले. अधिक रक्कम कबूल करील त्याला तालुका मिळे, आणि ती रक्कम तो गावागावांतून पिळून काढी. सावकाराची वरात जितकी मोठी, तितका इजारदाराचा फास आवळ.

पेढीच्या बाजूनेही काही म्हणता येते, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. पामरने पैसा दिला नसता तर अरब व पठाण जमादारांनी दिला असता, कदाचित अधिक जबर व्याजाने. आणि पगार थकलेली फौज खेड्यापाड्यांवर तुटून पडली असती. जुलमी सरकारला कर्ज देणारे आजही हेच कारण पुढे करतात. आम्ही हात आखडला तर दुसरा देईल, आणि हाल गरिबांचेच होतील. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण फौजेचा बोजा निजामावर लादणारे इंग्रज, त्या बोज्यासाठी कर्ज देणारे इंग्रजांच्या ओळखीचे, आणि कर्जास मंजुरी देणारेही इंग्रजच. ज्याने गरज निर्माण केली त्यानेच दयेचा आव आणावा, यात दया थोडी आणि व्यापार फार.

मेटकाफने उपाय सुचविला तो स्वस्त कर्जाचा. कंपनीने शेकडा सहा व्याजाने पैसा द्यावा आणि पामरचे देणे फेडून टाकावे, असे त्याचे म्हणणे. हेस्टिंग्जने त्यास विरोध केला. १८२३ च्या आरंभी तो स्वदेशी गेल्यावर मार्ग मोकळा झाला. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामास दर साल सात लाख पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिच्या मोबदल्यात एक कोट सोळा लाखांवर रक्कम निजामास मिळाली, व तीतून पेढीचे देणे वारले. पेढी १८२४ साली बुडाली. परंतु फौज तशीच राहिली, आणि तिचा खर्चही. कंपनीचे देणे पुन्हा साचत गेले, ते सुमारे पन्नास लाखांवर पोचले. आणि १८५३ साली डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. महाग कर्जाने रयत पिळली गेली. स्वस्त कर्जाने प्रांत गेला.

यावरून कर्ज हेच पाप, असे ठरत नाही. मुदखेडवरून गेलेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे निजामाच्याच अमदानीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. राजवट गेली, रूळ राहिले, आणि ते आजही कापसाच्या व माणसांच्या उपयोगी पडत आहेत. तेव्हा कर्जाची खरी कसोटी तीन प्रश्नांत आहे. पैसा कशावर खर्च झाला? ज्यांनी फेडावयाचा त्यांची संमती होती काय? आणि सावकारास हे सारे ठाऊक असताना त्याने डोळे मिटून घेतले काय? १९२७ साली अलेक्झांडर साक या रशियन कायदेपंडिताने नेमका हाच विचार मांडला. जुलमी सत्तेने प्रजेच्या हिताविरुद्ध काढलेले व सावकारास माहीत असलेले कर्ज प्रजेवर बंधनकारक नाही, असे त्याचे मत. व्यवहारात मात्र त्याचा अंमल क्वचितच झाला. झैरेच्या मोबुटूच्या दरबारात पैशाला पाय फुटतात, तो परत मिळण्याची आशा नाही, असे नाणेनिधीनेच पाठविलेल्या ब्लुमेंथाल याने १९८२ साली लिहून ठेवले; तरी कर्जे वाहतच राहिली. मोबुटू १९९७ साली पळाला. कर्ज देशाच्या माथी राहिले. उलट दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारची अल्पमुदतीची कर्जे पुढे चालविण्यास १९८५ साली चेस मॅनहॅटन बँकेने नकार दिला, तेव्हा त्या सरकारला देणी थांबवावी लागली. सावकाराचा नकार तोफेइतकाच ऐकू जातो, हे तेथे दिसून आले.

मुदखेडच्या पुढे उमरी स्थानक लागते. रझाकारांचा कहर चालू असताना, ३० जानेवारी १९४८ रोजी हैद्राबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी तेथील हैद्राबाद स्टेट बँकेतील वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी नेली. ज्या राज्याचा पैसा त्यांनी हिसकावला त्या राज्याच्या कायद्याने तो दरोडा होता. परंतु या लोकांनी खर्चाचा हिशेब ठेवला, आणि हैद्राबाद मुक्त झाल्यावर तो सादरही केला. पामरच्या पेढीकडे सरकारी परवाना होता, गव्हर्नर जनरलचे मत होते, कागद सारे कायदेशीर होते. नव्हता तो फक्त रयतेला दाखविण्याजोगा हिशेब. उमरीच्या सैनिकांजवळ परवाना नव्हता, हिशेब होता. पैशाची नीती या दोहोंपैकी कोणत्या वहीत लिहिलेली आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.