पाठीची हट्टी खाज : दोष त्वचेचा नव्हे, मज्जातंतूचा

खांद्याचे पाते आणि पाठीचा कणा यांच्यामधील, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी वर्षानुवर्षे खाज सुटत राहते. या विकारास वैद्यकशास्त्रात 'नोटाल्जिया पॅरेस्थेटिका' असे म्हणतात. रशियन मज्जातंतुतज्ज्ञ अस्तवात्सातुरोव्ह यांनी १९३४ मध्ये हे नाव दिले. नावात पाठीच्या वेदनेचा उल्लेख असला, तरी तक्रार बहुधा खाजेचीच असते; काहींना जळजळ किंवा मुंग्याही जाणवतात. विकार प्रायः एकाच बाजूस होतो आणि मध्यम वयातील स्त्रियांत अधिक आढळतो.

कण्यातून निघणाऱ्या दुसऱ्या ते सहाव्या वक्षीय मज्जातंतूंच्या मागील शाखा पाठीच्या स्नायूंतून जवळजवळ काटकोनात वळून त्वचेकडे येतात. या वळणावर किंवा मणक्यांच्या झिजेमुळे त्या दबल्या, तर त्वचेवर काहीही नसताना मेंदूकडे खाजेचा निरोप जातो. म्हणूनच अॅलर्जीच्या गोळ्यांनी फारसा गुण येत नाही. तेथे दिसणारा काळसर डाग हे खाजेचे कारण नसून परिणाम आहे. दाराच्या चौकटीवर पाठ घासणे किंवा नायलॉनच्या घासणीने रगडणे, यांतून तो गडद होत जातो.

घोटाळा येथेच होतो. डाग पाहून गजकर्णाची शंका घेतली जाते आणि दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणले जाते. दीर्घकाळ लावल्यास त्याने त्वचा पातळ होते, मूळ खाज मात्र राहते. अशा अनेक मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीस केंद्र सरकारने २०१८ मध्ये मनाई केली, तरी सवय सुटलेली नाही. उलट, डागावर स्पर्शच कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी टाळू नये. खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात हा रोग अजूनही आढळतो आणि त्याचे उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

उपचारांपैकी एकाचे दोंडाईचाकरांना नवल वाटू नये. येथील बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे आणि मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हेच या विकारावरील मलमातील मुख्य द्रव्य. ते मज्जातंतूंच्या टोकांवरील ज्या ग्राहीवर कार्य करते, त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रथम आग होते. रोज लावत राहिल्यास ही टोके हळूहळू मंदावतात. मलम थांबवल्यावर खाज पुन्हा येऊ शकते. मलमात कॅप्सेसिनचे प्रमाण टक्क्याचाही अल्प अंश, साधारण ०.०२५ ते ०.०७५ टक्के असते; तेव्हा घरची मिरची वाटून पाठीवर लावण्याचा उद्योग कोणी करू नये.

याशिवाय गॅबापेन्टिनसारखी मज्जातंतूंवरील औषधे व पाठीचे व्यायाम काहींना उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. हाताला अशक्तपणा वा मानेत तीव्र वेदना असल्यास मणक्याची तपासणी करून घ्यावी. मलम लावल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत.