केमोच्या आधीचा प्रश्न : प्रजननक्षमता जपण्याचा छोटा इतिहास

विशी-पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीला कॅन्सर झाला की घरात एकच विषय उरतो, जीव वाचला पाहिजे. ते बरोबरच आहे. पण केमोथेरपीची पहिली सलाईन लागण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : बरं झाल्यावर मूल हवं असेल का? आज हा प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारण्याजोगा व्हायला बराच काळ लागला. माझी पीएच.डी. अंडाशयातल्या पेशींवर आहे आणि शुक्रवार पेठेतल्या ओळखीच्या लोकांना ती समजावून सांगताना मला नेहमी या इतिहासापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून तो इथे लिहून काढतेय.

आधी थोडं विज्ञान. मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या अंडाशयात साधारण १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात. नवीन तयार होत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं पेशीच्या डीएनएवरच घाव घालतात, त्यात हा साठा झपाट्याने कमी होतो. पुरुषात शुक्राणू आयुष्यभर तयार होत राहतात, पण ते तयार करणाऱ्या मूळ पेशीच मेल्या तर कारखानाच बंद.

हे कळलं कधी? रुग्ण जगायला लागले तेव्हा. १९६०च्या दशकात अमेरिकेत हॉजकिन्स लिम्फोमासाठी ‘मॉप’ नावाची चार औषधांची पद्धत आली. पूर्वी हमखास मारणारा आजार बरा व्हायला लागला. मग काही वर्षांनी लक्षात आलं की बरे झालेल्या बहुतेक तरुणांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत. पुढे इटलीतल्या मिलान शहरातून ‘एबीव्हीडी’ ही दुसरी पद्धत आली. त्यात हे नुकसान बरंच कमी होतं. म्हणजे औषध निवडतानाच प्रजननक्षमता जपता येते, हा पहिला धडा.

दुसरा धडा गोठवण्याचा. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कोंबड्याचे शुक्राणू ग्लिसरॉलमध्ये ठेवून गोठवले तर जिवंत राहतात असं दिसलं. ग्लिसरॉलमुळे पेशीत बर्फाचे धारदार स्फटिक कमी होतात, एवढंच त्यामागचं गुपित. १९५३ मध्ये अमेरिकेत बंज आणि शर्मन यांनी हेच मानवी शुक्राणूंवर करून गर्भधारणा मिळवली. आपल्याकडे हे तंत्र आधी गोठ्यात पोचलं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली आणि पुढे संकरित गाईंसाठी गोठवलेलं वीर्य गावोगाव जाऊ लागलं. मोटरसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून फिरणारा माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना उणे १९६ अंश सेल्सिअसचं द्रव नायट्रोजन काही परकं नाही. तरुण कॅन्सर रुग्णाचा नमुना ठेवायला लागतं तेही हेच.

आता परळला येऊ. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. १९८०च्या दशकातच तिथे आणि दिल्ली, चेन्नईत मुलांच्या ल्युकेमियासाठी ‘एमसीपी ८४१’ ही उपचारपद्धती वापरात आली. लहान मुलं बरी होऊन घरी जाऊ लागली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम. तिथे ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आनंद कुमार ज्या संस्थेत होते, ती प्रजनन संशोधन संस्थाही परळलाच. गंमत म्हणजे या संस्थेची सुरुवात १९५०च्या दशकात गर्भनिरोधकं तपासण्याचं केंद्र म्हणून झाली होती. देशाचं सगळं लक्ष जन्म कमी करण्यावर होतं. मूल होत नाही हे दुःख सरकारी धोरणात बसतच नव्हतं.

याच आनंद कुमारांनी पुढे एक मोठी गोष्ट केली. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच टेस्ट ट्यूब बेबीचा दावा केला होता, तोही गोठवलेल्या भ्रूणातून. सरकारी समितीने तो उडवून लावला. १९८१ मध्ये मुखोपाध्याय यांनी आत्महत्या केली. त्यांची कागदपत्रं तपासून आनंद कुमारांनी १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचाच. गोठवलेल्या भ्रूणातून ऑस्ट्रेलियात मूल जन्मलं ते १९८४ मध्ये!

म्हणजे १९८०च्या दशकाच्या मध्यावर परळच्या काही गल्ल्यांत कॅन्सर बरा करणारे हातही होते आणि प्रयोगशाळेत भ्रूण वाढवणारे हातही. दोन्ही बाजूंना जोडणारी शाखा मात्र जगातच नव्हती. ‘ऑन्कोफर्टिलिटी’ हा शब्द अमेरिकेत टेरेसा वुडरफ यांनी २००६ साली रूढ केला आणि त्याच वर्षी तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली : उपचाराआधी रुग्णाशी याबद्दल बोला. बेल्जियममध्ये डोनेझ यांच्या रुग्णाने २००४ मध्ये बाळाला जन्म दिला होता. तिच्या अंडाशयाचा तुकडा केमोच्या आधी १९९७ मध्ये गोठवून ठेवलेला होता.

आज पर्याय काय आहेत? मुलग्यांसाठी सर्वात सोपं : वीर्याचा नमुना, एका दिवसाचं काम. मुलींसाठी इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात. पाळीच्या तारखेची वाट बघावी लागत नाही. वयात न आलेल्या मुलीसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवणं हाच मार्ग. ओटीपोटावर रेडिएशन द्यायचं असेल तर शस्त्रक्रियेने अंडाशय वर सरकवून ठेवता येतात. त्याला फ्रीझरही लागत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी खरी अडचण दिवसांची आहे. कॅन्सर हा फक्त शहरातला आजार नाही हे १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीने दाखवलंच आहे, आणि देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. पण करमाळ्याची किंवा अक्कलकोटची मुलगी रिपोर्ट घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने दादरला उतरते तेव्हा आधीच काही आठवडे गेलेले असतात. डॉक्टरांना उपचार आजच सुरू करायचे असतात. ल्युकेमियात तर थांबणं धोक्याचंच. त्यात मुलगी अविवाहित. आईसमोर, काकांसमोर हा विषय काढायचा कोणी? तो निघतच नाही, आणि मग लग्न ठरायच्या वेळी निघतो.

शेवटी कायदा. २०२१च्या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात आणि उपचारांसाठी किमान वय २१ वर्षांच्या पुढे आहे. कॅन्सर वयाचा दाखला बघून येत नाही, त्यामुळे ही अट डोळ्यांत खुपते. २०१८ मध्ये पुण्यात, कॅन्सरने गेलेल्या तरुणाच्या गोठवलेल्या शुक्राणूंतून सरोगसीने जुळी मुलं जन्मली, आजीच्या हट्टामुळे. आजच्या सरोगसी कायद्यात आजी-आजोबांना अशी जागा नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक आई आली. तिच्या अविवाहित मुलाने ‘मी गेलो तर नमुना नष्ट करा’ असं लिहून दिलं होतं. न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितलं. तिचं दुःख मला कळतं. तरी मला वाटतं, मुलाने सही केली तो निर्णय त्याचा होता. प्रजननक्षमता जपायची ती रुग्णासाठी, त्याच्या मागे राहिलेल्यांसाठी नव्हे.

म्हणून तुमच्या घरात, गल्लीत कुणा तरुणाला कॅन्सर निघाला तर पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : या औषधांनी मूल होण्यावर परिणाम होईल का, दोन आठवडे थांबता येईल का, आणि नमुना ठेवायची सोय जवळ कुठे आहे? आणि विचारताना रुग्णाला खोलीबाहेर पाठवू नका. उत्तर त्याला किंवा तिलाच द्यायचं आहे.