वर्गणीचा रुपया
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या भाषेंत पैसा देण्याला अनेक शब्द आहेत. दक्षिणा आहे, भिक्षा आहे, दान आहे, देणगी आहे आणि वर्गणीहि आहे. कोशांत हे शब्द शेजारीं शेजारीं बसले तरी त्यांचें गोत्र एक नाहीं. दान देणारा उंचावर उभा असतो व घेणाऱ्याचा हात खालीं पसरलेला असतो. देणगी देणाऱ्याचें नांव संगमरवरावर कोरलें जातें. वर्गणी म्हणजे मात्र वांटा. जो वर्गणी देतो तो त्या कार्याचा धनी होतो, आणि त्याच्या यशापयशाचा भागीदारहि होतो. ज्या समाजाजवळ धन नाहीं त्यानें मोठ्या कार्यासाठीं धन कसें उभें करावें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या कुलाबा जिल्ह्यानें, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड जिल्हा म्हणतात त्यानें, निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या तऱ्हेनें दिलें आहे. त्यांपैकीं महाडच्या १९२७ सालच्या परिषदेची जमाखर्चाची बाजू आज विशेषतः आपल्यापुढें ठेवण्याचा विचार आहे. त्या परिषदेचा इतिहास आपण सर्व जाणतां; तिचा खर्च कोणीं व कसा सोसला, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें.

प्रथम या प्रदेशाविषयीं दोन शब्द. उरण-पनवेलपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत ही किनारपट्टी पसरली आहे. सह्याद्रि व समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेंत खाड्या, खाजणें, मिठागरें आणि भातशेतें दाटीवाटीनें बसलीं आहेत. महाड तसें समुद्रापासून बरेंच आंत. परंतु सावित्री नदी भरतीच्या पाण्याबरोबर गलबतांना वरपर्यंत आणीत असे, म्हणून जुन्या काळीं त्याची गणना बंदरांत होई. येथील कुळाच्या घरांत भात पिके, पण खोताचा वांटा गेल्यावर थोडेंच उरे. कोळ्याच्या घरांत मासळी असे. नाणें मात्र दोघांच्याहि घरीं विरळाच. रोकड पैसा यावयाचा तो बहुधा मुंबईच्या गिरणींत किंवा गोदींत राबणाऱ्या मुलाच्या मनिऑर्डरीनें. अशा मुलखांत निधि जमवावयाचा तर ज्याच्याजवळ जें असेल तेंच त्याच्याकडे मागण्याची कला अंगीं असावी लागते.

या जिल्ह्याशीं निगडित असा पहिला मोठा लोकनिधि १८९५ सालचा. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था झाली होती. जेम्स डग्लस नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मुंबईविषयींच्या ग्रंथांत या अनास्थेबद्दल खेद व्यक्त केला होता. परक्यानें ही गोष्ट दाखवून द्यावी, याची चुटपुट मराठी मनाला लागून राहिली. लोकमान्य टिळकांनीं १८९५ सालीं ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न हातीं घेतला आणि निधीसाठीं आवाहन केलें. संस्थानिक व सरदार यांच्याच दारीं न थांबतां त्यांनीं तो निधि सामान्य वाचकाच्या उंबरठ्यापर्यंत नेला. लहान लहान रकमा येऊं लागल्या. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८९६ त, प्रत्यक्ष रायगडावर उत्सव झाला. निधीमुळें उत्सवाला निमित्त मिळालें आणि उत्सवामुळें निधीला तोंड फुटलें. समाधीचें काम मात्र पुरें व्हावयास विसाव्या शतकाचें तिसरें दशक उजाडावें लागलें. पैसा जमविणें आणि तो कामीं लावणें हे दोन निराळे उद्योग आहेत, हा धडा त्या दिरंगाईंत आहेच. तथापि आपणहि इतिहासाचे वारस आहों, ही जाणीव आणा-दोन आणे देणाऱ्या माणसाला त्या निधीनें दिली, हेंहि तितकेंच खरें.

याच विचाराचें शुद्ध गणित अंताजी दामोदर काळे यांनीं ‘पैसा फंडा’च्या रूपानें मांडलें. माणशीं वर्षाला एक पैसा! त्या काळीं रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसांकडे जावें तेव्हां एक रुपया हातीं यावयाचा. व्यवहारी माणसानें हंसून सोडून द्यावी अशी ती कल्पना. परंतु तिच्यांतूनच १९०८ सालीं तळेगांव येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. पैसा फंडाची खरी युक्ति रकमेच्या लहानपणांत होती. एक पैसा मागितल्यावर ‘माझी ऐपत नाहीं’ असें म्हणण्यास कोणालाच वाव उरत नाहीं.

आतां महाडकडे वळूं. रावबहादुर सी. के. बोले यांच्या ठरावानें मुंबईच्या कायदेमंडळानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या केल्या. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला. तळें होतें तसेंच राहिलें. अन्य धर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता, गुरेंढोरेंहि तेथें पाणी पीत. मात्र हिंदु म्हणविणाऱ्या एका मोठ्या समाजाची ओंजळ तेवढी कोरडी होती.

ही कोंडी फोडण्यासाठीं परिषद भरवावी, असें रामचंद्र बाबाजी मोरे या दासगांवच्या तरुणाच्या मनानें घेतलें. शिक्षणासाठीं महाडच्या इंग्रजी शाळेचें दार उघडून घेण्याकरतां त्यांना लहानपणींच झगडावें लागलें होतें. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे त्यांचे साह्यकारी. अध्यक्षस्थानासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची संमति मिळाली. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या तारखा १९ व २० मार्च १९२७ अशा ठरल्या. आणि मग तो सनातन प्रश्न पुढें आला: खर्चाचें काय?

कोणी शेठ-सावकार पाठीशीं नव्हता. कार्यकर्त्यांनीं पायपीट केली, गांवोगांव बैठकी घेतल्या, आणि महाडच्या आसपासच्या सुमारें चाळीस गांवांतील महार बांधवांनीं गांवागणिक तीन रुपये वर्गणी दिली. त्या पैशांतून आलेल्या मंडळींच्या भोजनासाठीं तांदूळ व गहूं खरेदी झाले. इकडे मुंबईंत परिषदेच्या मदतीसाठीं दामोदर नाट्यगृहांत नाटकाचा खेळ लावण्यांत आला. गिरणगांवांतील कामकऱ्यानें तिकीट काढावें, चार घटका करमणूक करून घ्यावी, आणि त्याच पैशानें आपल्या मुलखांतील कार्यास हात लावावा, अशी ती योजना होती. हातीं आलेली रक्कम अल्पच होती. परंतु मुंबईची चाळ व कोंकणचें खेडें यांची गांठ तिनें बांधली.

गांवाला तीन रुपये या आंकड्याकडे जरा बारकाईनें पाहूं या. तीन रुपयांचे अठ्ठेचाळीस आणे. वस्तींत चोवीस घरें धरलीं तर घरटीं दोन आणे. ही रक्कम सोसण्याजोगी खरी, पण सहज निघण्याजोगी खचित नव्हे. ती देण्यापूर्वीं वस्तीला एकत्र बसावें लागतें, कोण देईल आणि कोणाला सूट द्यावी हें ठरवावें लागतें, आणि गोळा झालेले पैसे विश्वासाच्या माणसाच्या हातीं द्यावे लागतात. म्हणजे तीन रुपये जमण्यापूर्वीं गांवाची सभा झालेली असते! परिषद महाडला १९ मार्चला भरली असें आपण म्हणतों. माझ्या मतें ती त्यापूर्वीं चाळीस ठिकाणीं भरून गेली होती. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसें खांद्यावर भाकरी बांधून दूरदूरच्या गांवांहून पायीं आलीं, यांत मग नवल तें काय? ज्यांच्याजवळ दोन आणेहि नव्हते त्यांनीं आपल्या चालीची वर्गणी दिली.

या जमाखर्चांतील एका रकमेपाशीं मात्र मन थबकतें. परिषदेला जमलेल्या हजारों माणसांना पिण्यास पाणी हवें होतें. गांवांत भरलेलें तळें होतें, तें कायद्यानें खुलें होतें, ठरावानेंहि खुलें होतें. आणि तरीहि परिषदेच्या चालकांना चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. चाळीस गांवांचे तीन तीन रुपये म्हणजे एकशेंवीस. त्याचा नेमका तिसरा हिस्सा होईल इतकी रक्कम पाण्यावर खर्च झाली! गरिबाच्या दोन आण्यांतला जवळजवळ पाऊण आणा निसर्गानें फुकट दिलेल्या वस्तूची किंमत म्हणून जावा, याहून त्या काळच्या व्यवस्थेचें निर्दय चित्र मोठमोठ्या ग्रंथांतहि सांपडणार नाहीं. अन्यायाची खतावणी कधीं कधीं अशी एका ओळींत लिहिलेली असते.

२० मार्चला ती ओळ पुसण्यासाठीं मिरवणूक निघाली. शिस्तीनें लोक चवदार तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्यामागून समुदायानें तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यानंतर, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी हूल उठली आणि जमावानें मंडपावर हल्ला केला. माणसें जखमी झालीं. वर्गणीच्या पैशांतून आणलेलें व नुकतेंच शिजलेलें अन्न मातींत मिसळलें. सूड घेण्याचें बळ असतांहि परिषदेच्या लोकांनीं नेत्याच्या आज्ञेवरून हात आवरला, हें विशेष.

अन्न मातींत गेलें म्हणून निधि आटला काय? मुळींच नाहीं. ४ ऑगस्टला नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, तेव्हां त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सत्याग्रहाचा बेत ठरला. या खेपेस महाडच्या बाजारावर भिस्त ठेवावयाची नाहीं, असें चालकांनीं पक्कें केलें आणि दहा दिवस पुरेल इतकी शिधासामुग्री बाहेरून आणविली. मंडपासाठीं जागा मिळेना. तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थांनीं आपली जागा वापरूं दिली. २४ डिसेंबरला डॉ. आंबेडकर व मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीनें निघालीं, आणि हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीनें दासगांवास येऊन तेथून महाडपर्यंत पांच मैल पायीं गेलीं. २५ तारखेला मनुस्मृतीचें दहन झालें. न्यायालयाच्या मनाईमुळें प्रत्यक्ष तळ्यावरील सत्याग्रह तहकूब ठेवावा लागला. खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. तीन रुपयांच्या वर्गणीला फळ येण्यास दहा वर्षें लागलीं.

याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्गणीची आणखी एक कठोर तऱ्हा पुढें पाहावयास मिळाली. १९३३ च्या ऑक्टोबरांत अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. तो संप पंचवीस गांवांत १९३९ पर्यंत टिकला. त्या काळांत लोकांनीं जंगलांतील लाकूडफाटा विकून व खाडींतील मासळी धरून दिवस काढले. येथें पैसा जमविण्याचा प्रश्नच नव्हता. घरांत येणारें पीक सोडून देणें हीच प्रत्येकाची वर्गणी होती. १९३७ सालीं ‘कृषीवल’ हें पत्र निघालें तें याच चळवळीच्या जोरावर.

श्रोतेहो, मी शाळामास्तर. पावतीपुस्तकाशीं माझा जन्मभर संबंध आला. एकदां एका निधीसाठीं वर्गांत पैसे गोळा करीत असतां एका मुलानें नाण्याऐवजीं रुमालांत बांधून ओंजळभर तांदूळ आणले. तांदळासाठीं पावतींत रकाना नव्हता, म्हणून मीं ते परत पाठविले. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण पुढच्या खेपेस त्यानें कांहींच आणलें नाहीं. पुढें महाडचा हा जमाखर्च वाचला तेव्हां माझी चूक माझ्या ध्यानीं आली. त्या घराचा वांटा मीं नाकारला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेसाठीं मुष्टिफंड जमविला, तेव्हां मूठभर धान्यालाहि रकाना असतो हें त्यांनीं ओळखलें होतें.

तात्पर्य इतकेंच. कार्य काढणाऱ्यानें श्रीमंताचें दार जरूर ठोठवावें. फत्तेखानांसारखा वेळेला धांवून येणारा दाता मिळाला तर त्याचे उपकार जन्मभर स्मरावे. परंतु कार्याचा पाया ज्यांच्यासाठीं तें कार्य आहे त्यांच्याच वर्गणीवर घालावा. रक्कम सर्वांना झेपेल अशी असावी, ज्याच्या घरांत जें पिकतें तें घेण्याची तयारी असावी, आणि हिशेब उघड असावा. सावकाराचे एकशेंवीस रुपये आणि चाळीस गांवांचे एकशेंवीस रुपये वहींत सारखेच दिसतात. तळ्याच्या कांठीं उभें राहण्याची वेळ आली तेव्हां पहिल्या रकमेमागें एक मनुष्य उभा राहिला असता. दुसऱ्या रकमेमागें चाळीस गांवें उभीं होतीं.