वंशावळ आणि लाळेची नळी

गेल्या दिवाळीत अमेरिकेतला माझा पुतण्या देडतलाईला आला, तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी त्याने एक छापील कागद ठेवला. तिकडे नळीत लाळ भरून टपालाने पाठवली की काही आठवड्यांत पूर्वजांचा हिशेब टक्केवारीत घरी येतो. बाकी सारा हिशेब हिंदुस्थानचा. तळाशी मात्र ‘आग्नेय आशिया : २ टक्के’. थोरल्या वहिनींनी कागद मुकाट्याने उलटा करून ठेवला.

आमच्या घरी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीवरून उतरवून आणलेली वंशावळ आहे. तीत पुरुषांची नावे सात पिढ्या अखंड आहेत. बायकांची मोजून तीन, आणि त्यांतल्या माझ्या पणजीच्या नावापुढे माहेरचे गाव नाही.

त्या कागदाची लायकी आधी पाहू. ही टक्केवारी म्हणजे कंपनीजवळच्या नमुन्यांशी घातलेला ताळा. नमुने वाढले की आकडा बदलतो, आणि एक-दोन टक्के ही निव्वळ चूकही असू शकते. शिवाय आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरिकी केल्याने लांबचा भाऊबंदही यंत्राला जवळचा वाटतो. एकट्या माणसाच्या कागदापेक्षा समूहाचा अभ्यास अधिक भरवशाचा.

असा अभ्यास आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली लोकांचा झाला आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’. आडनावे दिवेकर, केहीमकर अशी गावांवरून, घरची भाषा मराठी. अलिबागेजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष, सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. तरीही इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांच्या यहुदीपणावर धर्मगुरूंनी शंका घेतली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेपर्यंत प्रश्न गेला तेव्हा कुठे त्यांना बरोबरीचा मान मिळाला. २०१६ साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतल्या यहुद्यांशी नाते निघाले, तसेच इथल्या लोकांशीही निघाले. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांमागचा, आणि त्यात यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक, इथला वाटा स्त्रियांकडून अधिक. कथेतल्या सात स्त्रियांचे काय झाले असेल ते असो. कोकणातल्या आज्या मात्र कथेत आल्याच नाहीत.

आता आमच्या दाराशी येतो. देडतलाईपासून मेळघाट हाकेच्या अंतरावर, आणि माझ्या शाळेतली कितीतरी मुले कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा. तिची नाती संथाळी, मुंडारी आणि पार ख्मेर, व्हिएतनामीपर्यंत पोचतात. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात. व्हिएतनाममधल्या डाक लाक प्रांताच्या नावातला ‘डाक’ म्हणजेही पाणीच. मुंडा-भाषकांच्या रक्ताच्या अभ्यासातही तेच दिसते. त्यांच्यात बापाकडच्या वंशरेषा मोठ्या प्रमाणात आग्नेय आशियाशी जुळतात, आईकडच्या मात्र जवळजवळ सर्व इथल्याच. हे मीलन गेल्या चार हजार वर्षांतले.

वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एका कोरकू मुलाने विचारले, “सर, फिर हम बाहर के हुए क्या?” तीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघडलो नव्हतो. या जंगलाचे मूळ मालक म्हणून ज्यांचे नाव घ्यायचे, त्यांनाच मी नकळत परके ठरवत होतो. आणि विचारीत होता कोण, तर ‘दक्षिणेतून आलेल्या’ घराण्यातल्या हेडमास्तरला! मी म्हणालो, “तुझ्या आजीच्या बाजूने मोज. तुझी मुळे इथेच, हजारो वर्षांची आहेत.” त्याचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही.

त्या संध्याकाळी नव्वदीला आलेल्या आत्याकडे गेलो. पणजीच्या मांडीवर वाढलेली घरात ती एकटीच उरली आहे. माहेराचे विचारताच ती पानाला चुना लावीत राहिली.

“आजीला कोरकू यायची,” बऱ्याच वेळाने म्हणाली.

“कुठे शिकली?”

“तेव्हा इथं कुणाला येत नव्हती, बाबा?”

पुतण्याचा कागद मी वंशावळीच्या गुंडाळीतच ठेवला आहे. वहिनींना अजून सांगितलेले नाही.